बॉयलर गोंदियाला गेला

बॉयलर अटेंडंट म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. "जावई धाटावला कंपनीत पाणी तापवतात," असं त्या शेजारणींना सांगायच्या. शेजारणींना वाटायचं, साहेबांच्या आंघोळीचं. सुरुवातीला मी चिडायचो, मग सोडून दिलं. त्यांचं तसं काही चुकत नव्हतं. मी आयुष्यभर पाणीच तापवलं.

फक्त ते पाणी बंद भांड्यात होतं. एक लोखंडी पिंप डोळ्यांसमोर आणा, आडवं ठेवलेलं, माणूस आत वाकून शिरेल एवढं. त्याच्या पोटातून नळ्या गेलेल्या. नळ्यांतून कोळशाचा जाळ धावतो आणि भोवतीच्या पाण्याची वाफ होते. ती पाइपांतून सगळ्या कंपनीत फिरते. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी कापड रंगवायच्या रंगांना लागणारी पावडर करायची. माल शिजवायचा तर वाफ, वाळवायचा तर वाफ. वाफ थांबली की कंपनी थांबली. त्यामुळे बॉयलर हाउसमधल्या माणसांना कोणी फारसं ओळखत नसलं, तरी आमच्यावाचून कोणाचं चालतही नसे.

माझे वडील वडखळच्या पुढे खाडीकाठी मिठागरात राबले. मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचं पानी आटतं तवा मीठ उरतं. तुमचं आटलं तर काय उरतं रं?"

मी म्हणालो, "आटलं तर आम्हीच उरत नाय."

हे मी फुशारकीनं बोललो होतो. त्यातलं खरं काय ते पुढे एका दुपारी कळलं.

बॉयलरच्या तोंडावर एक उभी काच असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. अटेंडंटनं ती काच सतत बघत राहायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आणि शेवटचाही. त्या दुपारी मी वाफेचा दाब बघितला, वळून काचेकडे बघितलं, तर काचेत पाणी नव्हतं. पाणी चढवणाऱ्या पंपाचा जोड तुटला होता, पण पंपाची मोटर नुसतीच गरगरत असल्यामुळे आवाजावरून काही कळलं नव्हतं.

अशा वेळी कोणालाही वाटतं, आधी पाणी घाला. तेच करायचं नसतं. आतलं लोखंड लाल झालेलं असलं आणि त्यावर गार पाणी पडलं, तर बॉयलर फुटतो. बॉयलर फुटणं म्हणजे छप्पर, भिंती आणि माणसं एकदम जाणं. अशा वेळी आग दाबायची आणि बॉयलर आपोआप निवू द्यायचा. मी हवेचा पंखा बंद केला, वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह आवळला आणि ओरडलो, "यशवंत, राख!"

यशवंत मोरे हा आमचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. कोलाडच्या आतल्या बाजूला त्याचं गाव. घरची थोडी भातशेती, भात निघाला की त्याच शेतात वाल. तो कमी बोलायचा आणि फावडं असं चालवायचा की कोळसा भट्टीत चादरीसारखा पसरायचा. माझी हाक पूर्ण व्हायच्या आत त्यानं भट्टीचं दार उघडलं होतं. त्या उघड्या दारासमोर उभं राहून त्यानं ओली राख जाळावर टाकायला सुरुवात केली. पळून जायला मागचं दार उघडं होतं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. राख टाकत राहिला, जाळ काळा पडेपर्यंत.

मग आम्ही बाहेर येऊन जांभळाखाली बसलो. कँटीनमधून चहा आला. चहा संपल्यावर यशवंत म्हणाला, "म्हात्रेभाव, घरी नको सांगू."

"तू सांगणार हाईस?"

"नाय."

आमच्या मैत्रीची सुरुवात अशी झाली. पुढे अनेक वर्षं आम्ही एकाच पाळीत होतो. मी पेणच्या रामवाडीहून कंपनीच्या बसनं यायचो, तो गावाहून सायकलनं आणि मग मोटारसायकलनं. मी त्याला कितीदा तरी म्हटलं, अटेंडंटची परीक्षा दे, मी शिकवतो. तो हसायचा. "आगीला माझं नाव ठाव हाय. सर्टिफिकेट कोनाला दाखवू?" मी आणखी मागे लागायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा दोघांनाही वाटे की हा बॉयलर आणि ही कंपनी आपल्याला पुरून उरेल.

कंपनी एका दिवसात बंद पडत नाही. बाहेरच्यांना गेटला लागलेलं कुलूप दिसतं. बॉयलर अटेंडंटला ते फार आधी कळतं, कारण वाफेची मागणी कमी होते. आधी रविवारी आग दाबून ठेवायला सांगू लागले. मग शनिवार-रविवार. मग तिसरी पाळी गेली. आमची बस पेणहून भरून निघायची, ती वडखळ, नागोठणे करत अर्धी रिकामी पोचू लागली. विचारलं तर प्लांट मॅनेजर देसाई साहेब म्हणायचे, "म्हात्रे, बाहेरच्या देशातून हीच पावडर येते, ती आपल्या कच्च्या मालाच्या भावात. आपण करायची तरी कशी?" ते हे सांगायचे तेव्हा खाली बघायचे. माणूस वाईट नव्हता.

आणि एके दिवशी ती पावडर आमच्याच गेटातून आत आली.

कंटेनर आला, त्यातून गोणी उतरल्या. गोणींवरची अक्षरं आमच्यापैकी कोणालाही वाचता येत नव्हती. त्या पॅकिंगमध्ये नेल्या, फोडल्या आणि आतला माल आमच्या कंपनीच्या गोणींत भरायला सुरुवात झाली. गिऱ्हाइकांना आमच्या मालाची सवय होती म्हणे, नाव टिकवायचं होतं. माल शिजवणारे रिअॅक्टर बंद, वाळवणारे ड्रायर बंद, आमची वाफ बंद. फक्त पॅकिंग चालू.

पॅकिंगमध्ये रंजनाताई होत्या. त्यांचा नवरा आमच्याच कंपनीत ऑपरेटर होता. तो वारल्यावर त्या कामाला लागल्या. गोणीचं तोंड शिवायचं मशीन त्या चालवायच्या. मी रिकामाच होतो, म्हणून तिकडे गेलो आणि त्यांना ते शिवताना पाहून माझं डोकं फिरलं.

"रंजनाताई, हे तुम्ही शिवताय? आपल्या पोटावर पाय आणणारा माल, आणि त्याला आपलंच नाव?"

त्यांनी मशीन थांबवलं नाही. हातातली गोणी पुरी शिवली, दोरा तोडला आणि मग म्हणाल्या, "म्हात्रेभाऊ, तुमची वाफ बंद झाली, माझी मशीन अजून चालू हाय. ही पन बंद झाली की मी तुमच्या बाजूला येऊन बसते. तवर मला शिवू द्या."

मी परत बॉयलर हाउसला आलो. यशवंत गार भट्टीतली राख ओढत होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला दोन पोरी हायत. तू कशाला बोललास?" दुसऱ्या दिवशी रंजनाताईंनी आपणहून मला डब्यातली सुकटाची चटणी आणून दिली. आम्ही दोघंही त्या गोष्टीवर पुन्हा बोललो नाही.

काही महिन्यांत पॅकिंगही गेलं. भिवंडीकडच्या गोडाउनात ते स्वस्त पडत होतं. कंपनी बंद झाली त्या दिवशी देसाई साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. हातात कागद होता, पण वाचला नाही. "तुम्हाला सगळं माहीतच आहे," एवढं म्हणाले आणि मग, "मीही तुमच्याबरोबरच घरी चाललोय." कोणी घोषणा दिली नाही, कोणी शिवी दिली नाही. हिशेब नियमाप्रमाणे मिळाला, त्यात लबाडी झाली नाही, हेही इथे लिहून ठेवतो. बस त्या संध्याकाळी नेहमीच्याच रस्त्यानं आली. प्रत्येक थांब्यावर उतरणारा माणूस मागे वळून सगळ्यांना हात दाखवत होता. एरवी कोणी दाखवत नसे.

त्यानंतर नोकरी शोधणं. हा अनुभव मी कोणाला नीट सांगितलेला नाही. धाटावमध्येच दुसऱ्या एका कंपनीत ओळखीनं गेलो. तिथल्या तरुण इंजिनिअरनं मला बसवलं, चहा दिला आणि आपला बॉयलर दाखवला. गॅसवर चालणारा, कपाटाएवढा, पांढराशुभ्र. समोर पडदा, त्यावर आकडे. काच बघायला नको, फावडं नको, राख नको.

"काका, हा स्वतःच सुरू होतो, स्वतःच बंद होतो," तो म्हणाला.

"मग माणूस कशाला लागतो?"

"कायद्याला लागतो, म्हणून एक ठेवलाय. तोही ठेकेदाराचा."

मुलगा सज्जन होता, मला गेटपर्यंत पोचवायला आला. अपमान केला असता तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं.

आमच्यातला एकजण वडखळ नाक्यावर भज्यांची गाडी लावू लागला, दोघांनी रिक्षा घेतल्या, बरेचसे ठेकेदाराकडे मिळेल त्या दिवशी जाऊ लागले. रंजनाताई एका शाळेत मुलांचं जेवण शिजवतात. माझी बायको सुनंदा पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, तिच्या कमाईवर घर उभं राहिलं. मीही तिथं मूर्ती उचलून ठेवायला जाऊ लागलो. तिथल्या बायका मला 'सुनंदाचे मिस्टर' म्हणतात. पहिल्या दिवशी मनाला जरा लागलं. नंतर वाटलं, इतकी वर्षं तिला 'म्हात्र्यांची बायको' म्हणत होते तेव्हा तिला काय वाटत होतं, हे मी कधी विचारलं होतं?

यशवंतला मात्र आमच्याच कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली. कंपनी बंद, पण यंत्रं आत होती, ती कोणीतरी राखायला हवी होती. ज्या गेटातून तो कामाला जायचा त्या गेटावर तो दिवसभर खुर्ची टाकून बसू लागला. मी एकदोनदा भेटायला गेलो. आत गवत छातीएवढं वाढलं होतं.

मग एक दिवस त्याचा फोन आला. "म्हात्रेभाव, बॉयलर इकतायत. गोंदियाचा गिरनीवाला आलाय. उसना तांदूळ करतो, म्हंजी आपला उकडा, त्याला वाफ लागते. टेस्ट घ्यायची म्हनतात. अटेंडंट हवा. तू ये."

टेस्ट म्हणजे बॉयलर पाण्यानं गच्च भरायचा, हातपंपानं आत दाब चढवायचा, नेहमीच्या दाबापेक्षा बराच जास्त, आणि तो धरून ठेवायचा. कुठे घाम फुटला, म्हणजे पाण्याचा थेंब दिसला, तर नापास. नापास झाला तर गॅस कटरनं तुकडे करून भंगार. पास झाला तर गोंदिया. बंद पडलेला बॉयलर आतून झपाट्यानं गंजतो, त्यात रोह्याचा पावसाळा. मी निघतानाच मनाशी धरलं होतं की आपण भंगाराचा शेरा ऐकायला चाललोय.

गिरणीमालक आणि बॉयलरचे निरीक्षक आले होते. गिरणीमालक साधा माणूस, पायात चपला. "हा चालून राहिला होता ना भाऊ, बंद पडेपर्यंत?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "शेवटच्या दिवसापर्यंत." भरण्याआधी आतून बघायचं म्हणून मी वरचं झाकण उघडलं, बॅटरी लावली आणि तसाच थांबलो.

आत चुन्याच्या पराती ठेवलेल्या होत्या. कळीचा चुना हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून बॉयलर फार काळ बंद ठेवायचा असला की आतून कोरडा करून चुना ठेवतात. ही जुनी रीत. पण ती करायची तर चुना विरला की बदलावा लागतो, पुन्हा पुन्हा. पराती घरगुती होत्या. आतलं लोखंड कोरडं ठणठणीत होतं.

मी खाली उतरलो. "यशवंत, हे कोणी ठेवलं?"

"मी."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कोन व्हतं इथं?"

"मग?"

तो गेटाकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, परत चालू करतील. तवा आपला बॉयलर खराब झाला म्हनून अडायला नको."

पराती बाहेर काढल्या, बॉयलर पाण्यानं भरला आणि मी हातपंप मारायला घेतला. दाबाचा काटा चढला, ठरलेल्या जागी थांबला. निरीक्षकांनी छोट्या हातोडीनं एकेक जोड वाजवून पाहिला. आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे. काटा हलला नाही. "छान ठेवलाय," निरीक्षक म्हणाले. यशवंतच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच गेलं, कारण पास झाला म्हणजे तो आता जाणार, हे त्याच्याही ध्यानात आलं.

गिरणीमालकानं सगळं पाहिलं होतं. त्यानं तिथंच यशवंतला विचारलं, "चलता का आमच्याकडे? अटेंडंट माझ्यापाशी आहे. मले याचा माणूस पाहिजे. राहायला खोली देतो."

यशवंतनं घरी विचारतो म्हणून सांगितलं आणि मला बरोबर नेलं. त्याची बायको पार्वतीवहिनी अंगणात वाल सोलत होत्या. सगळं ऐकून त्या माझ्याकडेच वळल्या. "भाऊजी, तुम्ही यांना धाडायला आलाव? या वयात? घरात सासू खाटेवर, लावनीला मानूस नाय. गोंदिया कुठं हाय तरी ठाव हाय का यांना?"

मी म्हणालो, "वहिनी, गेटावरचं कामही आता संपलं. राखायला काय उरलंय तिथं?"

आतून यशवंतची आई म्हणाली, "जाऊ दे गो त्याला. बसून बसून सुकलाय तो." पार्वतीवहिनींनी सुपातले वाल उगाचच पुन्हा निवडायला घेतले.

बॉयलर ट्रेलरवर चढवला तेव्हा मी तिथं गेलो नाही. यशवंतनं फोन करून वेळ सांगितली होती, म्हणून सकाळी रामवाडीला हायवेवर उभा राहिलो. ट्रेलर आला, ड्रायव्हरशेजारी यशवंत बसला होता, मांडीवर पिशवी. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. मीही हात वर केला. मागे आमचा बॉयलर ताडपत्रीखाली, दोरखंडांनी करकचून बांधलेला. रस्त्यावरच्या कोणाला काय माहीत, काय चाललंय. मागून एका गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, वाट द्या म्हणून.

सुरुवातीला त्याचे फोन यायचे. तिथं कोळशाऐवजी भाताचं तूस जाळतात. "भसकन पेटतं नि भसकन विझतं. मानसासारखा बेभरवशाचा जाळ," असं म्हणायचा, पण आवाजात जान होती. त्याला जमलंही. मग फोन कमी झाले. मी समजलो, रमला.

दिवाळीच्या जरा आधी तो सरळ माझ्या दारात उभा राहिला, तीच पिशवी घेऊन. सुनंदानं पाणी दिलं. "सुट्टीवर का?" मी विचारलं.

"सोडून आलो."

मग त्यानं सांगितलं ते असं. गिरणीत पोती वाहणारा एक माणूस होता, सुखदेव नावाचा. वय यशवंतएवढंच. पोतं पाठीवर घेताना त्याचे पाय लटपटायचे. एकदा पाणी पिताना त्यानं बाह्या वर केल्या, तर दोन्ही हातांवर जुने पांढरे डाग आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही. यशवंतनं आपल्या हातांकडे बघितलं. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचेच हात तसे होतात.

"मी इचारलं, तू फायरमन का? तो व्हय म्हनाला. आधीच्या बॉयलरवर तोच व्हता. मी आलो नि मालकानं त्याला पोत्यांवर टाकला. आनि त्यानं मला एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाय. रोज रामराम करायचा."

"मग?"

"मग काय. त्याला आपला बॉयलर शिकवला. कुठं जाळ ढकलायचा, कुठं दार कमी उघडायचं. शिकला. चांगला शिकला. मालकाला म्हनलं, घरी आई आजारी हाय, मला जायला हवं. नि आलो."

मनात आलं ते बोललो, "यशवंत, तुला पुन्हा असं काम मिळणार नाय."

"ठाव हाय. पन त्याचं घर तिथंच हाय ना. माझं इथं हाय."

सुनंदानं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळी मी त्याच्याबरोबर कोलाडपर्यंत आणि पुढे त्याच्या गावापर्यंत गेलो. एकट्यानं त्यानं घरी कसं सांगावं, असं मला वाटलं. पण त्यानं उंबऱ्यात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, माझ्याकडे न बघता. आईनं खाटेवरून नुसता हात पुढे केला, तो जाऊन तिच्या पायाशी बसला. पार्वतीवहिनी खांबाला टेकून ऐकत होत्या. त्याला जाऊ न देण्यासाठी त्या भांडल्या होत्या, आणि तो गेल्यापासून घर त्याच्याच पगारावर चाललं होतं. मला वाटलं, आता त्या बोलतील.

त्या म्हणाल्या, "बरं केलंत."

मग पदरानं तोंड पुसून आत गेल्या. आतून रात्रीच्या जेवणाचे तांदूळ धुतल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही तिघंही तो ऐकत बसलो. तांदूळ धुवायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ तो येत राहिला.